चित्रातल्या बाईचं तोंड कोणी मिटलं?

मैत्रिणींनो,

या अंकाचं संपादकीय एका चुकीच्या कबुलीने सुरू करते आहे. चूक आपल्या गटाची आहे आणि तिच्यातला मोठा वाटा माझा आहे.

शीव कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायांबरोबर आपण काम करतो, हे तुम्ही जाणता. बाजारातली बसायची जागा, पाणी, संडास आणि संध्याकाळचा दिवा, एवढ्या साध्या मागण्यांवर सोळा पानांची एक चित्रपुस्तिका काढायचं ठरलं. वाचता न येणाऱ्या बाईलाही ती हातात घेऊन इतरांना गोष्ट सांगता यावी, अशी कल्पना होती. चित्रं काढायला वाडीतलीच एक मैत्रीण पुढे आली. तिची शाळा नववीत सुटलेली. लग्नाघरी मेंदी काढते, सणावाराला रांगोळ्या घालते आणि रोज संध्याकाळी सासूबरोबर बाजारात बसते. तिने पहिल्याच पानावर एक मासेवाली काढली. पाटावर ऐसपैस बसलेली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कोयता, गळ्यात ठसठशीत सोनं आणि तोंड हे एवढं उघडं! गिऱ्हाइकाला हाक मारते आहे की पालिकेच्या माणसाशी भांडते आहे, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चित्रं आमच्या बैठकीत आली. सगळ्या हसल्या, सगळ्यांना आवडली. मग हळूहळू शंका निघाल्या. एवढं सोनं पाहून अधिकारी म्हणेल, यांना कसली आली अडचण? उघडं तोंड पाहून लोक म्हणतील, या भांडकुदळच! जरा सौम्य करू या, असं कोणीतरी म्हणालं. तिला विचारू या, असं मात्र कोणीच म्हणालं नाही. ती त्या बैठकीला नव्हती. बैठक संध्याकाळी सहाला होती आणि ती तिची बाजाराची वेळ. छापखान्याची तारीख डोक्यावर होती. संगणकावर काम करणाऱ्या एका मुलीकडून आम्ही गळ्यातलं सोनं पुसून घेतलं, कमरेवरचा हात खाली आणला आणि तोंड मिटवलं. शेवटचं ‘ठीक आहे’ माझं होतं.

पुस्तिका छापून आली तेव्हा तिने पहिलं पान उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाली, “ही मी नाय काढलेली, ताई.” मी समजावू लागले. मुद्दा पोचावा म्हणून, सगळ्यांच्या भल्यासाठी वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तोंड मिटून मासळी विकली जाते काय?”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आणि असा प्रश्न मला पडण्याची ही पहिली वेळही नव्हती.

१९८७ साली मी एका चित्रकथा-प्रकाशकाकडे अक्षरं घालायचं काम करत होते. त्या घराचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पानामागे पैसे मिळत. चित्रकथेचं पान कसं तयार होई, ते आज अनेकींना माहीत नसेल म्हणून सांगते. आधी लेखक किंवा लेखिका चौकटींप्रमाणे संहिता लिहून देई : पहिल्या चौकटीत काय दिसतं, कोण काय बोलतं. ती संपादकांच्या केबिनमधून मंजूर होई. मग चित्रकार मोठ्या कागदावर पेन्सिलने पान मांडी, ते पुन्हा केबिनमध्ये जाई, मग त्यावर शाई. त्यानंतर आमच्यासारख्या फुग्यांमध्ये अक्षरं भरत, कोणी रंग दाखवून देई आणि पान छापखान्यात जाई. फुगा बहुधा इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेला असे. मराठी वाक्य त्यात मावलं नाही की छाटायचं. कोणाचं वाक्य छाटायचं, हे सांगावं लागत नसे. राजाचं राही, दासीचं जाई.

गंमत अशी की या रांगेत बाया पुष्कळ होत्या. संहिता लिहिणारी बाई, अक्षरं घालणाऱ्या बाया, घरी बसून रंग भरणाऱ्या बाया. केबिनमध्ये मात्र एकही नव्हती. घरी काम करणारीचं पान कोणीतरी घेऊन येई, ती स्वतः येत नसे. तिच्या पानाचं काय झालं, हे तिला अंक छापून आल्यावर कळे. खरे निर्णय संध्याकाळी सहानंतर चहाच्या पेल्यावर होत आणि सहाला आम्ही गाडी पकडायला धावत असू. ऑफिसमधलं राजकारण म्हटलं की आपल्याला कानाफुसी, गटबाजी, पुढेपुढे करणं आठवतं. त्याचं मूळ मला याहून साधं वाटतं. निर्णय होताना खोलीत कोण असतं आणि कोण नसतं, एवढंच ते असतं. बाकीचं त्यातून उगवतं.

एका गोष्टीत गडावरची राणी चितेकडे जाते, अशी चौकट होती. चित्रकार वयस्क गृहस्थ होते. त्यांनी तिचे डोळे विस्फारलेले आणि तोंड उघडं काढलं होतं. आगीपुढे उभ्या असलेल्या माणसाचं होईल तसंच. पान केबिनमधून परत आलं ते शेऱ्यासकट : चेहरा शांत हवा. चित्रकार गावी गेलेले. अंक अडलेला. माझा हात स्थिर आहे म्हणून काम माझ्याकडे आलं. मी पांढऱ्या रंगाने ते उघडं तोंड झाकलं, वाळू दिलं आणि निबने त्यावर एक बारीक मिटलेली रेघ ओढली. भुवया खाली आणल्या. ‘छान झालं,’ असं मला सांगण्यात आलं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी, ४ सप्टेंबर १९८७ रोजी, राजस्थानातल्या देवराळ्याला रूपकंवर चितेवर जळाली. अठरा वर्षांची मुलगी. गावात जत्रा भरली आणि तिची जोडचित्रं विकली जाऊ लागली : नवऱ्याचं डोकं मांडीवर, भोवती ज्वाळा आणि चेहरा शांत, जवळजवळ हसरा. असं एक चित्र माझ्या हाती आलं आणि ती मिटलेली रेघ मला ओळखीची वाटली. माझ्या रेघेने देवराळ्याची चिता पेटली, असं मी म्हणत नाही. पण ती चिता सहन होण्यासाठी, पूजनीय ठरण्यासाठी जो चेहरा लागतो, तो आपोआप तयार होत नाही. तो कुठल्यातरी टेबलावर, कोणाच्यातरी शेऱ्यावरून, कोणीतरी पैसे घेऊन काढलेला असतो. त्या वर्षी मी स्त्रियांच्या मोर्चात पहिल्यांदा चालले. त्याच वर्षी नोकरी सोडली.

एवढं सगळं भोगून-शिकून इतक्या वर्षांनी मी कोळीवाड्यातल्या मासेवालीचं तोंड मिटवलं. म्हणून हा विषय नुसता माझ्या पश्चात्तापाचा नाही. आपण सगळ्यांनी तो नीट तपासला पाहिजे.

आपल्यापैकी अनेकींच्या मनातल्या सावित्री, शकुंतला, पद्मिनी, मीराबाई, चांदबिबी, झाशीची राणी या बायांचे चेहरे कुठून आले? पुष्कळ अंशी मुंबईत १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथेतून. इंडिया बुक हाऊसने काढलेली, अनंत पै यांनी घडवलेली ही मालिका घरोघर गेली. राम वाईरकर, दिलीप कदम, प्रताप मुळीक अशा चित्रकारांचे हात त्यामागे होते. या मालिकेने बाईला कशी दाखवली, पातिव्रत्य आणि जौहर यांना कसं तेज चढवलं, यावर नंदिनी चंद्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी लिहिलेलं आहे. ते वाचावंच. मला आज दुसरंच विचारायचं आहे. ‘अंकल पै’ हे नाव देशभरच्या मुलांना पाठ होतं. सुरुवातीच्या काळात अनेक कथांच्या संहिता लिहिणाऱ्या आणि संपादनाचा भार वाहणाऱ्या कमला चंद्रकांत हे नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? ‘टिंकल’मधला सुप्पंडी राम वाईरकरांनी १९८३ साली चित्रांत आणला, हे काहींना ठाऊक असेल. त्यांच्यानंतर तो त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी काढला, हे किती जणींना? २००७ साली ही मालिका नव्या कंपनीने विकत घेतली. चित्रकथांचा असा व्यवहार होतो तेव्हा विकले जातात ते चेहरे आणि रेषा. ज्यांच्या हातून ते उतरले त्यांचा त्या कागदावर कितीसा उल्लेख असतो, हा प्रश्न चित्रकथेच्या सगळ्या धंद्याला लागू आहे.

आणि तो केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली ‘सुपरमॅन’चे सगळे हक्क १३० डॉलरला दिले. कंपनीने अमाप पैसा केला. या दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि पानावर नाव मिळायला १९७५ साल उजाडलं, तेही जाहीर बोभाटा केल्यावर. ‘वंडर वुमन’ची कथा आपल्या अधिक जवळची. १९४४ साली जॉय हमेल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी लेखकाची मदतनीस म्हणून कामाला लागली. लेखक आजारी पडला आणि ती स्वतः संहिता लिहू लागली. अंकावर नाव मात्र त्याच्या टोपणनावाचं, चार्ल्स मोल्टन. लग्नानंतर १९४७ साली तिने काम सोडलं. तिचा जाहीर सन्मान झाला २०१८ साली, तेव्हा ती नव्वदी ओलांडून गेली होती. पुढे १९६८ साली त्याच नायिकेच्या अद्भुत शक्ती काढून घेण्यात आल्या. १९७२ साली ‘मिस्’ या स्त्रियांच्या मासिकाने तिला मूळ रूपात मुखपृष्ठावर आणलं आणि १९७३ साली तिच्या शक्ती परत आल्या. बाहेरच्या बायांनी आवाज उठवला तर केबिनपर्यंत पोचतो, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडे ‘टिंकल’मध्ये रजनी थिंडियथ संपादक असताना २०१५ साली मिझोरामची मापुई कावलिम ही ‘विंगस्टार’ नायिका आली. नायिका शाळकरी मुलगी, तीही ईशान्येची! हे वाचून, ‘खुर्चीत बाई बसली की चित्र बदलतं,’ असं वाक्य मी या संपादकीयासाठी लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. कारण आपल्या खुर्चीत मीच होते.

मग काय लागतं? मला एक पुस्तक आठवतं. २०११ साली निघालेलं ‘भीमायन’. बाबासाहेबांचं पाण्यासाठीचं, घरासाठीचं, प्रवासातलं अपमानाचं जगणं त्यात चित्रांतून सांगितलेलं आहे. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याची. चित्रकथा म्हटली की चौकटी आल्याच. पण आपल्या माणसांना चौकटीत कोंबायला व्याम दांपत्याने नकार दिला. पानं मोकळी ठेवली. बोलण्याचे फुगेही त्यांनी आपल्या रीतीने केले. सोसणाऱ्यांचे, मायेचे शब्द पक्ष्याच्या आकारात, जातीचं विष ओकणारे शब्द विंचवाच्या नांगीसकट. संपादकांनी हे मानलं आणि पुस्तक जगभर गेलं. इथे चित्रकाराला नुसतं मानधन आणि नाव मिळालं नाही. गोष्ट कशी सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार मिळाला. महाडच्या तळ्याचं पाणी प्यायल्याची गोष्ट चौकटीबाहेर सांगितली गेली, यातलं औचित्य मी तुम्हाला काय सांगू!

आता कायद्याचं थोडं. हे प्रत्येक गटाने आपल्या वहीत लिहून ठेवावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. बाहेरून काम करणारीकडून हक्क घ्यायचे असतील तर ते सहीनिशी लेखी घ्यावे लागतात. तोंडी ‘हो’ पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. शिवाय कलम ५७ आहे. हक्क विकले, पैसे घेतले, तरी ‘हे माझं काम आहे’ असं सांगण्याचा आणि आपल्या नावलौकिकाला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार निर्मातीकडे राहतो. लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध हीच दाद मागितली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली या कलमाचं मोल स्पष्ट केलं. एका बाईने स्वतःच्या शब्दांसाठी केलेली ती लढाई आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

हे सगळं मी बैठकीत मांडलं तेव्हा वाद झाला, तोही सांगते. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “आपल्या पोस्टरवर, गाण्यांवर आपण कधी नावं घातली? चळवळीचं काम सगळ्यांचं. ‘माझं चित्र, माझं चित्र’ ही बाजाराची भाषा आहे.” तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रात्र रात्र जागून, भिंतीवर ओल्या खळीने पोस्टरं लावताना आम्हाला नावाची आठवणही झाली नव्हती आणि त्यात एक मोठा आनंद होता. पण मी तिला विचारलं, नाव न घालण्याचा निर्णय तेव्हा कोणी घेतला होता? आपणच ना? आपली नावं कॉलेजात, वर्तमानपत्रांत, व्यासपीठावर होतीच, म्हणून पोस्टरवर नसली तरी आपलं काही अडत नव्हतं. जिचं नाव रेशनकार्डापलीकडे कुठेच छापलेलं नाही, तिच्यावर आपण आपलं निनावीपण लादायचं काय? नाव स्वतः सोडणं हा त्याग असतो. दुसरीचं नाव सोडून देणं याला दुसरा शब्द आहे. आणि हेही पाहा, या संपादकीयाखाली माझं नाव प्रत्येक अंकात येतं. ते काढा, असं आजवर कोणी सुचवलेलं नाही, मीही नाही.

शीव कोळीवाड्याला या गोष्टीची सवय आहे म्हणा. तळलेल्या कोळंबीचा तो लाल, चटकदार प्रकार फाळणीनंतर इथे येऊन वसलेल्या पंजाबी मंडळींच्या दुकानात जन्मला, असं सांगतात. आज मुंबईबाहेरच्या हॉटेलांतही ‘कोळीवाडा’ नावाने मिळतो. नाव वाडीचं, हात भलत्याचे आणि पहाटे ससून डॉकवरून मासळी डोक्यावर आणणारी बाई कुठेच नाही. आता तर स्टेशनाचं नावही गुरु तेग बहादूर नगर झालं आहे. नाव कुठे लागतं आणि कुठून गळतं, हे या वाडीतल्या बाईला आपण शिकवायला नको.

दुसरी शंका अधिक अवघड होती. उद्या एखादीने जातीचा तोरा मिरवणारं किंवा बाईलाच दोष देणारं चित्र काढलं तर ते जसंच्या तसं छापायचं? नाही, छापायचं नाही. नियतकालिकाला धोरण असतं आणि ते सांभाळणं हे संपादकाचं काम आहे. पण नाकारणं वेगळं आणि गुपचूप बदलणं वेगळं. नाकारलं तर चित्र तिच्याकडे तिचं म्हणून परत जातं, तिच्याशी भांडता येतं, ती आपल्याशी भांडू शकते. बदललं तर तिच्या हातून आपण बोलतो आणि दोष आला तर तो तिच्यावर जातो. केबिनमधला तो शेरा आणि आमच्या बैठकीतलं ‘जरा सौम्य करू या’, यांत भाषेचा फरक आहे. हुकूम आणि आपुलकी. परिणाम एकच.

म्हणून गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. कोणाच्याही चित्रावर किंवा मजकुरावर दुसरीचा हात चालणार नाही. बदल हवा असेल तर जिचं काम तीच करील किंवा नाही म्हणेल. चित्राबद्दलची बैठक चित्रकर्तीच्या वेळेला होईल, मग ती दुपारी दोनला आणि बाजाराच्या ओट्यावर का असेना. नाव घालायचं की नाही, हे ती सांगेल. मोबदला आधी ठरेल आणि साध्या मराठीत, एका पानावर, दोघींच्या सहीने लिहिला जाईल. मूळ चित्रं तिला परत मिळतील.

पुस्तिकेचे उरलेले गठ्ठे आपण वाटायचे थांबवले आहेत. पहिलं पान पुन्हा छापायला पैसे लागतील, ते या अंकाच्या खर्चातून काढले, म्हणून हा अंक आठ पानांनी बारीक आहे. कोणत्या लेखाला कात्री लागली, हे त्या लेखिकांना विचारूनच ठरवलं. दोघी रागावल्या, एक अजून बोलत नाही. तिचा राग मला मान्य आहे.

आमची मैत्रीण पुन्हा चित्र काढायला तयार झाली, पण लगेच नाही. तीन आठवडे तिने निरोपाला उत्तर दिलं नाही. मग एक दिवस बाजारात सासूच्या शेजारी बसूनच तिने नवा कागद माझ्या हातात दिला. सोनं होतं, हात कमरेवर होता, तोंड उघडं होतं. या वेळी तिने बोलण्याचा फुगाही काढला होता, चांगला मोठा, अर्धं पान व्यापणारा. तो रिकामा होता. मी विचारलं, यात काय लिहायचं? म्हणाली, “तुम्ही नाय लिवायचं. पुस्तिका बाजारात फिरूं दे. ज्या बाईच्या हातात जाईल, ती लिवील नाय तर बोलील.”

ते पान आपण तसंच छापतो आहोत.

तुमच्या गटात पोस्टरं, पथनाट्यं, गाणी, पुस्तिका कशा तयार होतात? शेवटचं ‘ठीक आहे’ कोण म्हणतं आणि त्या वेळी खोलीत कोण नसतं? जरूर लिहा. पत्र न विचारता छाटणार नाही, एवढं वचन देते.

तुमची,
संपादक